वज्राकडे पाहणारी नजर

भिवंडी तालुक्यात, तानसा नदीच्या काठी, गरम पाण्याच्या कुंडांसाठी प्रसिद्ध असलेल्या वज्रेश्वरीच्या देवस्थानाविषयी एक आख्यायिका सांगितली जाते. यज्ञात आपल्याला आहुती मिळाली नाही म्हणून संतापलेल्या इंद्राने यज्ञभूमीवर वज्र फेकले. त्या वेळी देवी प्रकट झाली आणि तिने ते वज्र गिळून टाकले. म्हणून ती वज्रेश्वरी. इतिहास मात्र निराळी आठवण जपतो. वसईच्या मोहिमेत चिमाजी अप्पांनी या देवीला नवस बोलला, १७३९ साली वसई हाती आली आणि नवस फेडण्यासाठी हे मंदिर उभे राहिले. त्याची तटबंदी आजही एखाद्या लहानशा किल्ल्यासारखी भासते. शस्त्र गिळल्याची कथा आणि शस्त्र चालविल्याचा इतिहास, असे दोन्ही या एकाच नावात नांदत आहे.

वज्र हा शब्द जैन मनालाही परका नाही. पंधरावे तीर्थंकर भगवान धर्मनाथ यांचे लांछन वज्र हेच आहे. तेथे ते प्रहाराचे साधन उरत नाही, धर्माच्या अभेद्यतेची खूण होते. आणि आजच्या काळात हेच नाव आकाशातही पोहोचले आहे. भारतीय वायुसेनेने १९८५ पासून वापरात आणलेल्या मिराज-२००० या फ्रेंच बनावटीच्या लढाऊ विमानाला वज्र असे भारतीय नाव देण्यात आले.

अशा वज्रांकडे कॅमेरा रोखून पाहणाऱ्यांची संख्या आपल्याकडे वाढत आहे. लष्करी विमाने आणि जुनी, ऐतिहासिक विमाने यांचे छायाचित्रण हा आता महानगरांतल्या तरुणांचा आवडता छंद झाला आहे, आणि व्यापारी घराण्यांतील मुलेमुलीही त्यात मागे नाहीत. दुकान बंद असलेल्या दिवशी भलीमोठी लेन्स गळ्यात अडकवून पहाटे घराबाहेर पडणाऱ्या नातवाला आजोबा विचारतात, “अरे, ही तर संहाराची साधने. त्यांचे फोटो कशाला?” प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर शोधायचे तर आधी त्या आकाशाखाली जाऊन उभे राहावे लागेल.

मरीन ड्राइव्हवरचा एक तास

१२ ते १४ जानेवारी २०२४ या तीन दिवशी मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर वायुसेनेने हवाई प्रात्यक्षिके सादर केली. वेळ दुपारी बारा ते एक. सूर्यकिरण पथकाची नऊ विमाने, सारंग पथकाची हेलिकॉप्टरे, सुखोई-३० एमकेआयच्या कमी उंचीवरील कसरती आणि आकाशगंगा पथकाच्या हवाई उड्या, असा तो सोहळा होता. वज्रेश्वरी-भिवंडीकडच्या हौशी मंडळींना अशा कार्यक्रमासाठी पहाटेच निघावे लागते, कारण समुद्राकडेचा कठडा लवकर भरतो आणि एकदा भरला की पुढे सरकायला वाव उरत नाही.

छायाचित्रकाराच्या दृष्टीने ही वेळ अवघडच. जानेवारीतल्या दुपारी सूर्य दक्षिणेला आणि बऱ्यापैकी उंचावर असतो. समुद्राकडे तोंड करून उभे राहिले की तो डाव्या हाताला येतो. विमानाची पाठ उजळते, पोट काळवंडते, आणि खालून पाहणाऱ्याच्या वाट्याला पोटच येते. भरीस भर म्हणून हिवाळ्यातले मुंबईचे धुरकट आकाश. कॅमेरा त्या पांढुरक्या आकाशाकडे पाहून प्रकाश भरपूर आहे असे समजतो आणि विमान आणखी काळे करून टाकतो. म्हणून जाणकार प्रकाशाची मात्रा मुद्दाम पाऊण ते एक टप्पा वाढवून ठेवतात, आणि विमान वळण घेताना कूस बदलून पाठ दाखवील त्या क्षणाची वाट पाहतात. असे क्षण तासाभरात मोजकेच येतात.

त्या तासाकडे आणखी एका अंगाने पाहता येते. सूर्यकिरणची हॉक विमाने बंगळूरच्या हिंदुस्तान एरोनॉटिक्स कारखान्यात परवान्याखाली बांधली गेलेली. सारंगची ध्रुव हेलिकॉप्टरे त्याच संस्थेची निर्मिती. सुखोई-३० एमकेआय रशियन रचनेचे असले तरी त्याची भारतातील बांधणी झाली ती आपल्या नाशिकजवळच्या ओझर येथे, याच संस्थेच्या कारखान्यात. कठड्यावर दाटीवाटीने उभ्या असलेल्या हजारो मुंबईकरांपैकी किती जणांना ठाऊक असेल की या साऱ्या पसाऱ्याचा पहिला दगड एका जैन व्यापाऱ्याने ठेवला होता?

सोलापूरचे शेठजी आणि बंगळूरचा कारखाना

शेठ वालचंद हिराचंद दोशी यांचा जन्म १८८२ साली सोलापूरच्या जैन व्यापारी कुटुंबात झाला. बांधकामाचे ठेके, १९१९ साली ‘लॉयल्टी’ या जहाजाने सुरू झालेली सिंदिया कंपनीची परदेशी जलवाहतूक, वालचंदनगरची साखर, विशाखापट्टणमचा जहाजबांधणी कारखाना, मोटारींचा उद्योग, असा त्यांचा व्याप सर्वांना परिचित आहे. विमानांची कथा मात्र त्या मानाने कमी सांगितली जाते.

१९३९ साली एका विमानप्रवासात त्यांची गाठ विल्यम पॉली या अमेरिकी विमान-उद्योजकाशी पडली. पॉली चीनमध्ये विमानबांधणीचे काम करीत होते. चीनमध्ये जे होऊ शकते ते हिंदुस्थानात का नाही, हा व्यापाऱ्याच्या मनाला सुचणारा साधा प्रश्न वालचंदांनी धरून ठेवला. म्हैसूर संस्थानाने साथ दिली आणि २३ डिसेंबर १९४० रोजी बंगळूर येथे हिंदुस्तान एअरक्राफ्ट कंपनीची स्थापना झाली. ऑगस्ट १९४१ मध्ये तेथे जोडलेले हार्लो जातीचे पहिले शिकाऊ विमान उडाले. महायुद्ध जवळ येत गेले तसा सरकारचा हात आवळत गेला. एप्रिल १९४२ मध्ये सरकारने वालचंदांचा हिस्सा विकत घेऊन कारखाना ताब्यात घेतला. स्वतः उभारलेल्या घरातून शेठजींना दीड वर्षाच्या आत बाहेर पडावे लागले. १९५३ साली ते निवर्तले. १९६४ साली या कंपनीचे रूपांतर आजच्या हिंदुस्तान एरोनॉटिक्समध्ये झाले.

त्याच कारखान्यात पुढे कोल्हापूर जिल्ह्यात जन्मलेल्या डॉ. विष्णू माधव घाटगे यांनी भारताने स्वतः रचलेले एचटी-२ हे शिकाऊ विमान घडविले. ते ऑगस्ट १९५१ मध्ये पहिल्यांदा उडाले. सूर्यकिरण पथक १९९६ साली स्थापन झाले तेव्हा ते ज्या किरण विमानांवर कसरती करीत असे, ती विमानेही याच परंपरेतली. सोलापूरच्या शेठजींचे धाडस आणि कोल्हापूरकडच्या अभियंत्याची बुद्धी, असा हा महाराष्ट्राचा वारसा आहे. बंगळूरच्या वारसा संग्रहालयात तो पाहता येतो आणि त्याची छायाचित्रेही घेता येतात. मुंबईत वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात मरुत हे भारतात तयार झालेले लढाऊ विमान उभे आहे. गोव्यात बोगमाळोजवळच्या नौदल हवाई संग्रहालयात सी हॅरियरपासून पूर्वी एअर इंडियाच्या ताफ्यात असलेल्या सुपर कॉन्स्टेलेशनपर्यंत अनेक जुनी विमाने आहेत. सुटीत सहकुटुंब जाण्यासारखी ही ठिकाणे. उभे विमान हलत नाही, त्यामुळे नवशिक्याला प्रकाश आणि कोन यांचा अभ्यास करायला अशी जागा दुसरी नाही.

पंखा फिरता दिसला पाहिजे

नवशिक्याची पहिली चूक ठरलेली असते. विमान वेगाने जाते म्हणून तो कॅमेऱ्याचा शटरही जास्तीत जास्त वेगावर ठेवतो. जेट विमानासाठी ते योग्य आहे. सेकंदाच्या हजाराव्या भागाहून कमी वेळात टिपले तरच सुखोई स्पष्ट येतो. परंतु पंख्याच्या जुन्या विमानाला हाच नियम लावला तर पंखा थिजल्यासारखा दिसतो आणि उडते विमान दोऱ्याला टांगलेल्या खेळण्यासारखे वाटते. त्यासाठी शटर सेकंदाच्या सुमारे दोनशेव्या भागापर्यंत खाली आणावा लागतो, आणि हेलिकॉप्टरसाठी त्याहूनही खाली. सारंग म्हणजे मोर. त्या हेलिकॉप्टरांच्या अंगावरचा मयूर स्पष्ट हवा आणि डोक्यावरची पाती मात्र फिरती हवीत, ही कसोटी आहे.

शटर मंदावला की हात स्थिर हवा. विमानाच्या गतीने कंबरेतून वळत, श्वास रोखून, बटण दाबल्यानंतरही क्षणभर वळत राहावे लागते. ही सवय घरबसल्या होत नाही. पण तिच्यासाठी विमानतळावर जाण्याचीही गरज नाही. भिवंडीच्या रस्त्यांवरून अखंड धावणारे टेम्पो आणि ट्रक, किंवा तानसेच्या पात्रावरून झेपावणारे बगळे हे उत्तम शिक्षक आहेत. रोज अर्धा तास असे महिनाभर केले की शंभरातली चार-पाच छायाचित्रे ठेवण्याजोगी येऊ लागतात. उरलेली पुसून टाकायची असतात. जे जमले नाही ते ममत्व न ठेवता सोडून देणे हाही या छंदातला धडा आहे.

साधनांविषयी व्यापारी कुटुंबाला वेगळे सांगायला नको. पहिल्याच वर्षी लाखाची लेन्स घेणे म्हणजे गिऱ्हाईक येण्याआधी गोदाम भरणे. संग्रहालयातील विमानांसाठी साधा कॅमेरा पुरतो. आकाशातील विमानांसाठी चारशे मिलीमीटरपर्यंत जाणारी जुनी, वापरलेली लेन्स दोन-तीन वर्षे सहज चालते.

तारीख, ठिकाण, क्रमांक

या छंदाचा खरा कस मात्र घरी परतल्यावर लागतो. रोजमेळात तारखेविना नोंद नसते, तसेच विमानाच्या छायाचित्राचे आहे. तारीख, ठिकाण आणि विमानाच्या अंगावरचा क्रमांक नसेल तर ते नुसते सुंदर चित्र, पुरावा नव्हे.

क्रमांकाचे मोल एका उदाहरणावरून ध्यानात येते. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी श्रीनगरच्या धावपट्टीवर भारतीय सैनिकांना घेऊन उतरलेल्या डकोटा विमानाचा क्रमांक व्हीपी ९०५ असा होता. आज वायुसेनेच्या वारसा ताफ्यात ‘परशुराम’ नावाचे डकोटा आहे आणि त्याच्या अंगावरही व्हीपी ९०५ हाच क्रमांक आहे. पण हे ते विमान नव्हे. एका वायुसैनिकाच्या पुत्राने, राजीव चंद्रशेखर यांनी, भंगारात निघालेले एक डकोटा विकत घेऊन ब्रिटनमध्ये दुरुस्त करवून घेतले. वडिलांच्या सेवेची आठवण म्हणून त्यांनी ते २०१८ साली वायुसेनेला भेट दिले, आणि मूळ विमानाच्या सन्मानार्थ त्याला तो क्रमांक मिळाला. छायाचित्राखाली एवढा खुलासा लिहिला नाही तर पन्नास वर्षांनी तेच छायाचित्र पाहणाऱ्याची फसगत होईल. खोटे लिहिणे हे असत्य आहेच, पण अर्धवट लिहून गैरसमज होऊ देणे हेही सत्याणुव्रताला शोभणारे नाही.

आणि विमाने थांबत नाहीत. नाशिकच्या ओझर कारखान्याची स्थापनाच ज्या मिग-२१ साठी झाली, ते विमान बासष्ट वर्षांच्या सेवेनंतर २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगड येथे निवृत्त झाले. ओझरला त्यांची बांधणी करताना ज्यांचे आयुष्य गेले त्या कामगारांच्या नातवंडांना आता ती उडताना फक्त चित्रांतच दिसतील. जे. आर. डी. टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरवलेले पस मॉथ, आणि पन्नास वर्षांनी त्याच दिवशी, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी पुन्हा त्याच मार्गाने आणलेले लेपर्ड मॉथ, यांची आठवणही छायाचित्रांमुळेच आपल्या डोळ्यांपुढे राहते.

म्हणून या छंदाची सुरुवात कॅमेऱ्याने करण्याऐवजी जुन्या ट्रंकेने करावी. आजोबा-पणजोबांच्या काळात जुहू किंवा सांताक्रूझच्या विमानतळावर निरोप देताना काढलेली छायाचित्रे अनेक व्यापारी घरांत पडून आहेत. हार घातलेले शेठजी, डोक्यावर पदर घेतलेल्या आजी, मागे विमानाची शेपटी. त्या शेपटीवरचा क्रमांक भिंगाने वाचावा, आजींना विचारून मागे पेन्सिलीने नावे लिहावीत आणि दोन ठिकाणी प्रती ठेवाव्यात. विमानाचा इतिहास आणि घराण्याचा इतिहास तेथे एकाच कागदावर भेटतात.

अनुमोदना कोठे होते?

आता आजोबांच्या प्रश्नाकडे वळू. जैन आचारशास्त्र हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे चार प्रकार सांगते. संकल्पपूर्वक केलेली हिंसा श्रावकाला सर्वथा वर्ज्य आहे. स्वतःच्या, समाजाच्या वा देशाच्या रक्षणासाठी नाइलाजाने घडणारी विरोधी हिंसा गृहस्थाला पूर्णपणे टाळता येत नाही, हे शास्त्राने जाणले आहे. देशरक्षक वैमानिकाविषयी आदर बाळगण्यात म्हणूनच विसंगती नाही.

पण शास्त्र आणखी एक बारीक भेद करते. पाप कृत, कारित आणि अनुमोदित असे तीन वाटांनी लागते. स्वतः करणे, दुसऱ्याकडून करविणे आणि केलेल्याला मनाने दाद देणे. छायाचित्रकार बॉम्ब टाकत नाही की टाकायला लावत नाही. त्याच्यापुढे प्रश्न उरतो तो तिसऱ्या वाटेचा. तो दाद कशाला देतो?

उत्तर छायाचित्रात सापडत नाही, ते त्याखालच्या ओळीत सापडते. नऊ विमाने एकमेकांपासून काही मीटरांवर राहून एकाच रेषेत वळतात, ते वर्षानुवर्षांच्या संयमाचे दर्शन असते. त्या कौशल्याला दिलेली दाद निर्दोष आहे. तेच छायाचित्र ‘शत्रूचा कर्दनकाळ’ अशा शब्दांनी पुढे पाठवले की दाद संहाराला जाते. चित्र तेच, भाव पालटला. विमानाचे नाव, क्रमांक, तारीख, पथक, ते घडविणाऱ्या कारखान्याचे नाव, एवढे लिहावे आणि थांबावे.

याची खरी परीक्षा अपघाताच्या वेळी होते. नोव्हेंबर २०२५ मध्ये दुबईच्या हवाई प्रदर्शनात आपले तेजस विमान कोसळून वैमानिकाला प्राण गमवावे लागले. अशा प्रदर्शनांत असंख्य कॅमेरे आकाशाकडे लागलेले असतात. अशा क्षणाची चित्रफीत हाती आली तर ती तपास यंत्रणेच्या उपयोगाची असू शकते. घराघरांतल्या मोबाइलवर ती फिरविण्यात मात्र कोणाचेच हित नसते. त्या वैमानिकालाही घर आहे, घरात माणसे आहेत. कॅमेरा खाली ठेवणे हा अशा वेळी अहिंसेचाच भाग होतो.

मर्यादा पाळणाऱ्यांसाठी

कायद्याची मर्यादाही समजून घ्यावी. लष्करी विमानतळ ही प्रतिबंधित स्थाने आहेत. ओझरच्या कुंपणाबाहेरून किंवा पुण्याच्या लोहगाव विमानतळावर, जेथे नागरी विमानेही वायुसेनेच्या तळावरूनच उडतात, लष्करी विमानांची छायाचित्रे घेणे महागात पडू शकते. १९२३ चा शासकीय गुपिते कायदा हौशी आणि हेर असा भेद सहज करीत नाही. जाहीर हवाई प्रदर्शने आणि संग्रहालये हीच या छंदाची योग्य स्थळे. तेथेही ड्रोन उडविणे कटाक्षाने टाळावे.

गर्दीचे भान हवे. ६ ऑक्टोबर २०२४ रोजी चेन्नईच्या मरिना किनाऱ्यावरील हवाई प्रदर्शनाच्या दिवशी उष्मा आणि गर्दी यांमुळे पाच जणांचा मृत्यू झाला. पाणी, टोपी आणि परतीचा रस्ता यांची तजवीज लेन्सच्या आधी करावी. लहान मुले व वृद्ध बरोबर असतील तर कठड्याचा मोह सोडून मागे सावलीत बसावे. विमान आकाशात असते, ते मागूनही दिसते.

खाद्यपदार्थांविषयी एक गोष्ट जैन वाचकांना विशेष वाटेल. बंगळूरजवळच्या येलहंका तळावर २०२३ साली एरो इंडिया प्रदर्शन भरले, तेव्हा महापालिकेने तळाभोवतीच्या दहा किलोमीटर परिसरात ३० जानेवारी ते २० फेब्रुवारी या काळात मांसविक्री बंद ठेवली होती. त्यामागे धर्माचा विचार नव्हता. टाकलेल्या मांसावर घारी जमतात, त्या विमानावर आदळल्या की पक्षी मरतो आणि विमानही संकटात येते, हे कारण होते. आपल्या डब्यातली उरलेली पुरीही याच न्यायाने उघड्यावर टाकू नये, पिशवीत घालून घरी आणावी. एका पक्ष्याचा आणि कदाचित एका माणसाचा जीव त्यात वाचतो.

भरत आणि बाहुबली यांच्या सेना समोरासमोर उभ्या ठाकल्या, तेव्हा दोन्हीकडच्या मंत्र्यांनी सैनिकांचा संहार टाळण्याचा उपाय सुचविला. भावांनीच आपसांत निर्णय करावा. त्यातले पहिले युद्ध होते दृष्टियुद्ध. पापणी न लववता पाहत राहणे, एवढेच त्यात शस्त्र होते. त्या दिवशी एकाही सैनिकाचे रक्त सांडले नाही.

वज्रेश्वरीच्या देवीने वज्र गिळले, धर्मनाथांच्या आसनाखाली ते लांछन होऊन निवले. कॅमेरा हाती घेतलेल्या नातवाला तेवढे मोठे काही साधायचे नाही. आजोबांना त्याने मरीन ड्राइव्हवरचे एखादे चित्र दाखवावे आणि त्याखाली लिहिलेले वाचून दाखवावे: तारीख, ठिकाण, पथकाचे नाव, आणि शेवटी ‘बंगळूर येथील कारखान्यात बांधलेले, संस्थापक, शेठ वालचंद हिराचंद, सोलापूर’. प्रश्न विचारणारे आजोबा मग चष्मा पुसून ते चित्र जरा जवळ घेतील, आणि बहुधा ट्रंकेची किल्लीही काढून देतील.